फांदीवरचे वेटोळे : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकात उष्णकटिबंधीय जंगलांत झाडावर राहणाऱ्या विषारी सापांची रंगीत छायाचित्रे दिली होती. त्यात मध्य अमेरिकेतला आयलॅश व्हायपर, आफ्रिकेतले बुश व्हायपर, आग्नेय आशियातले हिरवे-निळे पिट व्हायपर आणि सह्याद्रीतला मलबारी चापडा होता. व्हायपर म्हणजे घोणसीच्या कुळातले साप, आणि चापडा हे पिट व्हायपरचेच मराठी नाव. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बरीच पत्रे दंशाबद्दल विचारणारी होती, त्यामुळे त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : एक पिवळाधमक, एक शेवाळी, एक गुलाबीसर तपकिरी असे तीन साप छापले आणि तिघांखाली नाव एकच, आयलॅश व्हायपर. हे एकाच जातीचे कसे असतील?

एका जातीचे तर सोडाच, एका आईच्या एकाच वेतातली पिल्लेही इतक्या वेगवेगळ्या रंगांची निघू शकतात. बोथ्रिएकिस श्लेगेली या नावाने १८४६ मध्ये वर्णन झालेला हा साप रंगाच्या बाबतीत कोणताच नियम पाळत नाही. त्याच्या सोनेरी पिवळ्या रूपाला तिकडचे स्पॅनिश बोलणारे लोक 'ओरोपेल' म्हणतात. शेवाळी, राखाडी, तपकिरी, तांबूस ठिपक्यांची अशी इतर रूपेही त्याच जंगलात राहतात.

यात एक नवी भर पडली आहे. दक्षिण मेक्सिकोपासून एक्वादोरपर्यंतचे हे सगळे साप बरीच वर्षे एकच जाती मानले जात. २०२४ मध्ये जनुकीय तपासणी आणि खवल्यांची तुलना करून त्यातून पाच नव्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या. म्हणून जुन्या पुस्तकातले नाव आणि नव्या लेखातले नाव जुळले नाही तर गोंधळून जाऊ नका. छायाचित्र कोणत्या देशातले, डोंगराच्या कोणत्या बाजूचे, एवढे कळले तर जातीचा अंदाज रंगापेक्षा जास्त खात्रीने बांधता येतो.

मलबारी चापड्याचेही असेच आहे. हिरवा, पिवळट, तपकिरी, नारिंगी झाक असलेला, गडद नक्षीचा असे त्याचे कितीतरी अवतार एकाच ओढ्याच्या काठी दिसतात. जाती ठरवताना अभ्यासक डोक्यावरच्या खवल्यांची मांडणी, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी किती आणि पोटाखालचे खवले किती हे मोजतात. रंगाची नोंद करतात, पण ती शेवटी.

प्रश्न : इतके भडक रंग म्हणजे 'जवळ येऊ नका' असा इशाराच ना?

बहुतेकांच्या बाबतीत उलट. छायाचित्रात साप पानापासून वेगळा उठून दिसतो, कारण छायाचित्रकाराने त्याच्यावर प्रकाश टाकलेला असतो आणि मागचे सगळे धूसर केलेले असते. प्रत्यक्षात पानांच्या गर्दीत, तुकड्यातुकड्यांनी पडलेल्या उजेडात हिरवा साप हातभर अंतरावर असूनही नजरेतून निसटतो. तपकिरी आणि शेवाळी रूपे साल, दगडफूल आणि वाळक्या वेलींत मिसळून जातात. हे साप दबा धरून बसणारे आहेत. भक्ष्याला आणि शिकारी पक्ष्यांना दिसू नये, हीच त्यांची गरज.

हिरवा रंग तयार कसा होतो हेही पाहण्यासारखे आहे. या सापांच्या कातडीत हिरवे रंगद्रव्य असे बहुधा नसतेच. खालच्या थरातल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते निळा प्रकाश परतवतात. वरच्या थरातल्या पेशींत पिवळे रंगद्रव्य असते. निळ्यावर पिवळे चढले की आपल्याला हिरवे दिसते. म्हणूनच संग्रहालयात अल्कोहोलमध्ये ठेवलेले हिरवे साप काही काळाने निळे पडतात. पिवळे द्रव्य विरघळून जाते, स्फटिक मात्र जागेवर राहतात. बरणीतला निळा नमुना पाहून 'निळा साप' अशी नोंद करणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

याला जोडूनच एका वाचकाने विचारले आहे की रंगीत सापाची कात पांढरट का असते. रंगाच्या पेशी कातडीच्या आतल्या थरात असतात आणि कात म्हणजे फक्त बाहेरचे मृत आवरण. गडद सापांच्या कातेवर थोडी काळसर नक्षी उतरते, पण हिरवा-पिवळा रंग उतरत नाही.

प्रश्न : लाल गुलाबावर बसलेल्या निळ्या सापाची चित्रफीत खरी होती का?

साप खरा होता. २०२० मध्ये समाजमाध्यमांवर फिरलेल्या त्या चित्रफितीतला साप म्हणजे इंडोनेशियाच्या सुंदा बेटांवर राहणारा ट्रायमेरेसुरस इन्सुलारिस. याची बहुतेक बेटांवरची रूपे हिरवी असतात, काही ठिकाणी पिवळी आणि कोमोडोसारख्या काही बेटांवर निळी. वरच्या उत्तरातले पिवळे द्रव्य या निळ्या सापांत कमी पडते, एवढाच फरक. गुलाब मात्र माणसाने आणलेला. विषारी साप फुलावर ठेवून चित्रीकरण करण्याची ही हौस आम्हाला मुळीच रुचत नाही. पाहणाऱ्याला साप शोभेची वस्तू वाटू लागतो आणि कोणीतरी पुढे हात घालतो.

प्रश्न : आयलॅश व्हायपरच्या त्या पापण्या कशासाठी? आणि चावल्यावर तो डोळा मारतो म्हणतात, ते खरे का?

सापाला पापण्याच नसतात, तर मिटणार काय! डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो कातेबरोबर निघतो. आयलॅश व्हायपरच्या डोळ्यांवर दिसतात ते उभे राहिलेले टोकदार खवले. डोळा आणि डोक्याची गोल कड त्यांच्यामुळे तुटक दिसते, त्यामुळे पानाफांद्यांत डोके ओळखू येत नाही, हे त्यांच्या उपयोगाचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. टांझानियातल्या अॅथेरिस सेराटोफोरा या बुश व्हायपरलाही डोळ्यांवर तशीच शिंगे असतात, आणि या दोघांचे जवळचे नाते काहीच नाही. डोळा मारण्याची गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या काही खेड्यांतली दंतकथा आहे.

प्रश्न : 'पिट' म्हणजे नेमके काय? सगळ्या झाडावरच्या व्हायपरना तो असतो का?

नाकपुडी आणि डोळा यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक खोल खळगी असते, तिला पिट म्हणतात. आशिया आणि अमेरिका खंडांतल्या झाडावरच्या व्हायपरना ती असते, आफ्रिकेतल्या अॅथेरिस गटाला नसते. तो वेगळ्या उपकुळातला आहे. मागच्या अंकातली चित्रे पुन्हा उघडून पाहिलीत तर हा फरक साध्या डोळ्यांनीही दिसेल.

खळगीच्या आत एक पडदा ताणून बसवलेला असतो, जाडी साधारण पंधरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच्या दोन्ही बाजूंना हवा असते, त्यामुळे तो झटकन तापतो आणि झटकन निवतो. जाड किंवा मांसाला चिकटलेला असता तर उंदराच्या अंगाची धग त्यावर उमटेपर्यंत उंदीर निघून गेला असता. पडद्यात चेहऱ्याच्या मज्जातंतूंची दाट जाळी असते, आणि अंशाच्या शंभराव्या भागाहून कमी फरकही ती टिपते. १९३७ मध्ये नोबल आणि श्मिट या शास्त्रज्ञांनी डोळे झाकलेल्या सापांवर प्रयोग करून खळगी उष्णता ओळखते हे दाखवले. पुढे २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ही जाणीव पेशीतल्या कोणत्या प्रथिनामुळे होते तेही शोधले. त्याचे नाव टीआरपीए-१. आपल्या शरीरातही ते आहे, पण आपल्याकडे ते मोहरीसारख्या झोंबणाऱ्या पदार्थांची जाणीव देते. उष्णता आणि स्पर्शाच्या संवेदकांवरील कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्देम पॅटापुटियन यांच्याबरोबर मिळाले.

एक गैरसमज दूर करायला हवा. खळगी म्हणजे डोळ्यासारखे स्पष्ट चित्र देणारे इंद्रिय नव्हे. तिचे तोंड मोठे आणि पडदा तोंडाच्या जवळ, त्यामुळे प्रतिमा अस्पष्ट येते. मेंदूत डोळ्यांकडून येणारी आणि खळगीकडून येणारी माहिती एकाच भागात एकत्र होते, आणि त्यातून नेम साधतो. बेडूक आणि सरडे यांच्या अंगाची धग भोवतालच्या हवेएवढीच असते. तिथे हा खळगा फारसा कामाचा नाही, डोळे आणि हालचाल महत्त्वाची ठरते. पक्षी आणि उंदीर यांच्यासाठी तो उपयोगी पडतो.

प्रश्न : चापडा दिवसेंदिवस एकाच फांदीवर बसलेला दिसतो. आजारी असतो का?

नाही, तो कामावर असतो. शेपटीने फांदीला पीळ घालायचा, अंगाचा पुढचा भाग इंग्रजी एस अक्षरासारखा दुमडून ठेवायचा आणि बसून राहायचे. जागा चांगली असेल तर चापडा कित्येक दिवस तिथून हलत नाही. ओढ्यावर झुकलेली फांदी, बेडकांचा आवाज जिथे घुमतो ती कपार, फुलोऱ्याजवळचा देठ या त्याच्या आवडत्या जागा. पावसाळ्यात ओढ्याकाठी तो जास्त दिसतो, कारण बेडूक तिथे येतात. मध्य अमेरिकेत आयलॅश व्हायपर हेलिकोनियाच्या फुलांजवळ बसून मध प्यायला येणारे हमिंगबर्ड पकडतो. इथे भक्ष्य स्वतःहून चालत येते. एकदा पोट भरले की पुढचे काही आठवडे उपाशी राहायला या सापांची हरकत नसते.

पिल्लांची युक्ती आणखी धूर्त आहे. अनेक जातींच्या पिल्लांची शेपटीची टोके अंगाहून वेगळ्या, उठावदार रंगाची असतात. बाकी अंग निश्चल ठेवून ते टोक अळीसारखे वळवळवतात. बेडूक किंवा पाल अळी समजून पुढे सरकते.

घोणसीसारखे जमिनीवरचे व्हायपर चावून भक्ष्य सोडून देतात आणि मग त्याच्या वासाचा माग काढत जातात. त्यात उंदराच्या दातांचा धोका टळतो. झाडावर ही पद्धत चालत नाही. सोडलेला पक्षी किंवा बेडूक तीस फूट खाली झुडपात पडला तर तो गेलाच. म्हणून झाडावरचे व्हायपर, विशेषतः पक्षी आणि बेडूक पकडताना, चावल्यावर भक्ष्य तोंडात धरून ठेवतात. विष चढेपर्यंत शेपटीच्या आधाराने लोंबकळत राहतात आणि गिळतातही तसेच. यासाठीच त्यांचे पुढचे विषदंत अंगाच्या मानाने लांब असतात. पिसांच्या थरातून ते आत पोहोचले पाहिजेत. शिवाय तोंड मिटल्यावर ते टाळूला चिकटून मागे दुमडले जातात.

प्रश्न : पेनांगच्या सापांच्या देवळात काळे-पिवळे मोठे साप आणि बारके हिरवे साप शेजारी शेजारी होते. दोन वेगळ्या जाती का?

एकच. ट्रोपिडोलेमस वागलेरी. मादी मोठी, काळी, पिवळे पट्टे असलेली. नर आयुष्यभर बारीक, हिरवा, अंगावर पांढरे-तांबडे ठिपके घेऊन राहतो. पिल्ले दोघांचीही हिरवीच जन्मतात, मादीचा रंग वाढीबरोबर पालटतो. नर मादीच्या शेजारी ठेवला तर तिचे पिल्लू वाटेल. साप उदबत्तीच्या धुराने गुंगतात असे मलेशियातल्या या देवळाबद्दल सांगतात, पण निशाचर साप दिवसा हलत नाहीत, एवढे कारण पुरेसे आहे. रात्री दहानंतर पाहिले तर वेगळे चित्र दिसते.

याच सापाच्या विषातला वॅगलेरिन नावाचा लहान पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण छोटा रेणू, स्नायूंपर्यंत येणारा संदेश अडवतो. त्याची नक्कल करणारे कृत्रिम रसायन सुरकुत्या कमी करण्याच्या क्रीममध्ये घालतात. 'सापाच्या विषाचे क्रीम' म्हणून विकले जाते त्यात सापाचे काही नसते.

प्रश्न : हरणटोळ आणि हिरवा चापडा यांतला फरक लांबूनच कसा ओळखावा?

आधी अंगाची जाडी पाहा. हरणटोळ चाबकाच्या दोरीसारखा सडपातळ, तोंड चिंचोळे आणि टोकदार. चापडा आखूड आणि गुबगुबीत, डोके मानेपेक्षा बरेच रुंद. हरणटोळाच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, दिवसा तो हिंडतो, वाऱ्यावर डोलल्यासारखी मान हलवतो. चापड्याची बाहुली दिवसा उभ्या फटीसारखी दिसते आणि तो बसलेला असतो. चापड्याच्या डोक्यावर बारीक बारीक खवले असतात, हरणटोळाच्या डोक्यावर मोठ्या तकटांसारखे. दुर्बिणीतून खळगी दिसली तर प्रश्नच मिटला. पण खळगी पाहण्यासाठी जवळ जाऊ नका.

'त्रिकोणी डोके म्हणजे विषारी' हा नियम मात्र विसरून जावा. बिनविषारी म्हणून सोडून दिला जाणारा मांजऱ्या सापही त्रिकोणी डोक्याचा, उभ्या बाहुलीचा असतो. नाग आणि मण्यार यांची डोकी मानेपेक्षा फारशी रुंद नसतात, तरी त्यांच्या दंशाने माणसे मरतात. हरणटोळही सौम्य विषारी आहेच, त्याचे विषदंत मागे असतात, एवढेच.

प्रश्न : चापडा चावला तर काय करायचे? त्याची लस मिळते का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. भारतात मिळणारे सर्पदंशाचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार होते. चापड्यांच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि प्रतिविष स्वतः तीव्र अॅलर्जी करू शकते. म्हणून साप नक्की चापडाच आहे हे ठरले असेल तर डॉक्टर बहुधा ते देत नाहीत. साप कोणता ते कळत नसेल आणि रक्त गोठण्यात बिघाड दिसत असेल, तर निर्णय वेगळा असू शकतो, आणि तो रुग्णालयात रुग्ण पाहूनच घ्यावा लागतो. थायलंडमध्ये बँकॉकची क्वीन सावभा संस्था पांढऱ्या ओठांच्या हिरव्या पिट व्हायपरवर स्वतंत्र प्रतिविष बनवते. कोस्टा रिकात १९७० मध्ये सुरू झालेल्या क्लोडोमिरो पिकाडो संस्थेचे अनेक सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष तिथल्या पिट व्हायपरच्या दंशांत वापरतात. आफ्रिकेतल्या अॅथेरिस गटासाठी खास प्रतिविषच नाही, आणि त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

मलबारी किंवा बांबू चापड्याच्या दंशात बहुतेकदा तीव्र वेदना, वेगाने पसरणारी सूज, कधी फोड येतात. जीव जाणे विरळ. पण 'मरत नाही' याचा अर्थ 'घरीच बघू' असा करू नका. बोट चावल्यापासून सूज दंडापर्यंत चढू शकते. शिवाय या गटातल्या काही सापांचे विष रक्त गोठवणारे प्रथिन संपवून टाकते, तेव्हा जखमेतून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. हा परिणाम उशिरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसतो. पहिल्या दिवशीचा तपास बरोबर आला म्हणून घरी सोडलेले रुग्ण त्यामुळेच परत येतात.

करायचे ते असे. सापापासून दूर व्हा, त्याला मारू किंवा पकडू नका. शक्य असेल तर लांबूनच मोबाइलवर एक फोटो घ्या. अंगठी, बांगड्या, घड्याळ, घट्ट बाही लगेच काढा. सूज चढल्यावर हेच दागिने बोट दाबतात आणि मग कापून काढावे लागतात. हात किंवा पाय फळी, पुठ्ठा किंवा काठीच्या आधाराने, सैल कापडाने बांधून स्थिर करा. अवयव साधारण हृदयाच्या पातळीला ठेवा आणि चालू नका, उचलून न्या. सुजेची कड पेनाने कातडीवर आखून शेजारी वेळ लिहा, अर्ध्या तासाने पुन्हा आखा. सूज किती वेगाने चढते, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

दोरी बांधू नका. या गटाचे विष मांस सडवते, ते एका जागी कोंडले तर तिथे नुकसान वाढते आणि दोरी एकदम सोडली की ते सगळे रक्तात जाते. चिरा देऊ नका, चोखू नका. रक्त न गोठणाऱ्या माणसाच्या चिरेतून रक्त थांबवणे किती अवघड असते ते रुग्णालयात काम करणाऱ्यांना विचारा. बर्फ लावू नका, दारू पाजू नका. वेदनेसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटॅमॉल चालते. नागाच्या दंशासारख्या ठिकाणी वापरतात ती आवळून बांधण्याची पट्टी इथे लागू होत नाही.

लहान रुग्णालयातही होऊ शकेल अशी एक तपासणी आहे : दोन मिलिलीटर शिरेतले रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिले तर गोठण्यात बिघाड आहे. यात दोन गोष्टी हमखास चुकतात. नळी प्लास्टिकची असली, किंवा धुण्याच्या पावडरीने धुतलेली असली, तर चांगल्या माणसाचेही रक्त गोठत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळे होते आणि साबणाचा अंश तीच बिघडवतो. दुसरे म्हणजे मध्येच नळी हलवून पाहणे. दाखल रुग्णाची ही तपासणी काही तासांच्या अंतराने पुन्हा करावी लागते.

धनुर्वाताचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तसे घ्यावे. सूज जास्त आहे म्हणून घाईने स्नायूंवर चीर देऊन दाब सोडण्याची शस्त्रक्रिया करायची नाही, आधी रक्त गोठते का आणि स्नायूंतला दाब खरोखर वाढला आहे का हे मोजायला हवे.

प्रश्न : मळ्यात किंवा जंगलात काम करताना, फोटो काढताना काय सांभाळायचे?

गुडघाभर बूट इथे अर्धेच काम करतात. जमिनीवरच्या सापांचे दंश पायाला होतात, झाडावरच्यांचे हाताला, आणि फांदी तोंडासमोर असेल तर चेहऱ्याला. चहा, कॉफी, वेलची यांच्या मळ्यांत हात झुडपात घालण्याआधी लांब काठीने फांदी हलवून पाहावी. साप तिथून पळेल असे नाही, पण तो दिसतो. जाड चामड्याचे हातमोजे उपयोगी पडतात, बागकामाचे पातळ कापडी हातमोजे विषदंत अडवत नाहीत. रात्री टॉर्च पायवाटेवर तेवढाच न टाकता डोक्याच्या आणि कमरेच्या उंचीवरही फिरवा. ओढा ओलांडताना तोल सावरायला हाताशी येईल ती फांदी धरायची सवय सोडा.

चापड्याचा झेप घेण्याचा पल्ला साधारण अंगाच्या निम्म्या लांबीइतका असतो, म्हणजे मोठ्या सापाचा अर्धा मीटर. तरीही दीड-दोन मीटर अंतर ठेवा, कारण तुम्ही वाकता, फांदी हलते आणि दिसतो त्याच्या शेजारी दुसरा साप असू शकतो. मॅक्रोसाठी, म्हणजे बारकावे मोठे दाखवणाऱ्या फोटोसाठी, लांब लेन्स घ्या, दहा सेंटिमीटरवरून फोटो काढणारी लेन्स या सापांसाठी नव्हे. फांदी वाकवू नका, पान खुडू नका, साप काठीने 'चांगल्या उजेडात' हलवू नका. हलवलेला साप त्या रात्री उपाशी राहतोच, आणि चावणारा सापही बहुधा तोच निघतो. फ्लॅशच्या सलग झपाट्यापेक्षा दोन-तीन टिपून पुढे जाणे योग्य.

प्रश्न : हे साप अंडी घालतात की पिल्ले?

झाडावरचे बहुतेक व्हायपर थेट पिल्ले देतात. अंडी झाडावर सांभाळायला जागा नसते आणि जमिनीवर उतरणे धोक्याचे, या दृष्टीने ते सोयीचे पडते. आयलॅश व्हायपरची मादी सुमारे सहा महिने गर्भ वाहून दोनपासून वीसपर्यंत पिल्ले देते. पिल्लू वीतभर लांबीचे, पण विषदंत आणि विष घेऊनच जन्मते. आईचा पुढे काही संबंध नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलिया आणि मादागास्करमध्येही घनदाट पावसाळी जंगले आहेत. तिथे झाडावरचे व्हायपर का नाहीत?

व्हायपर कुळ तिथे कधी पोहोचलेच नाही. पण रिकामी जागा दुसऱ्यांनी घेतली. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला हिरवा अजगर फांदीवर अगदी चापड्यासारखेच वेटोळे घालून बसतो. तो बिनविषारी, विळखा घालून मारणारा. त्याची पिल्ले पिवळी किंवा तांबूस जन्मतात आणि पुढे हिरवी होतात. दक्षिण अमेरिकेतल्या हिरव्या बोआचेही तसेच. मादागास्करमध्ये सॅन्झिनिया नावाचा बोआ ही जागा घेतो. आफ्रिकेतला अॅथेरिस, अमेरिकेतला बोथ्रिएकिस आणि आशियातले ट्रायमेरेसुरस हे तीन गटही वेगवेगळ्या वाटांनी झाडावर चढले आहेत. पकड घेणारी शेपटी, रुंद डोके, हिरवा रंग हे सगळे त्यांना एकमेकांकडून मिळालेले नाही. फांदीवर दबा धरून जगायचे तर हेच लागते.

प्रश्न : जुन्या पुस्तकात मलबारी चापड्याचे नाव ट्रायमेरेसुरस मलबारिकस आहे, तुम्ही काही ठिकाणी क्रॅस्पेडोसेफॅलस लिहिता. बरोबर काय?

दोन्ही एकाच सापाची नावे. या सापाचे वर्णन जेर्डन यांनी १८५४ मध्ये केले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले चापडे, आणि आग्नेय आशियातले काही, बाकीच्या ट्रायमेरेसुरसपेक्षा वेगळ्या फांदीचे असल्याचे दिसले, म्हणून त्यांच्यासाठी क्रॅस्पेडोसेफॅलस हे जुने प्रजातीनाव पुन्हा वापरात आले. दुसरे नाव 'मलबारिकस' तेच राहिले, त्यावरूनच शोधा. शोधताना दोन्ही नावे टाकलीत तर २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे लिखाण एकदम हाती लागेल.